सरांची फियाट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, बाकी बोलले तसंच.)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'संगणक क्षेत्रातील संधी'. खरं सांगू का, हे ऐकायला आपल्यातलं कुणी इथवर आलेलं नाही. संधी शोधायचं आपलं वय गेलं. आता आपली मुलं शोधतायत, आणि ती काही आपलं ऐकत नाहीत. तेव्हा समितीची माफी मागून मी विषय बदलते.

सकाळी गेटातून आत आले तेव्हा चिंचेखाली नऊ गाड्या उभ्या होत्या. मी मोजल्या. आपल्या वेळी त्या चिंचेखाली एकच गाडी असायची. सरांची फियाट.

बघा, हसलात! म्हणजे आठवतेय सगळ्यांना. साईच्या रंगाची, मागच्या डाव्या दाराला आतून सुतळी बांधलेली. सर गणित आणि विज्ञान शिकवायचे, पण शाळेतल्या निम्म्या पोरांना सर आठवतात ते गाडीमुळे. कारण जुलै महिना लागला की संध्याकाळी ती गाडी चालू व्हायची नाही. मुळशीचा पाऊस आपल्याला काही नवा नाही. चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही, दप्तरातल्या वह्यांना बुरशी यायची, आणि सरांच्या फियाटला सर्दी व्हायची. मग नववी-दहावीची मुलं दप्तरं व्हरांड्यात टाकून धक्का द्यायला पळायची. सर आत बसून सेकंड गिअर टाकायचे, तो दांडा स्टिअरिंगच्या बाजूलाच होता, आणि ओरडायचे, "हं, जोरात!" गाडी दोन आचके द्यायची आणि पुन्हा गप्प.

आम्ही मुली व्हरांड्यात उभ्या राहून बघायचो. धक्का देणं हे मुलांचं काम होतं.

नववीत असताना एके दिवशी मुलांनी गाडी गेटापासून एसटीच्या थांब्यापर्यंत ढकलत नेली. सगळे चिखलात माखले, तरी गाडी चालू होईना. मी मागून छत्री घेऊन गेले आणि सरांना म्हणाले, "सर, बॉनेट उघडू का?" मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडून दिलं. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत दव धरल्यासारखं पाणी होतं. माझ्या रुमालाने ते कोरडं पुसलं, चारही प्लगच्या वायरी पुसल्या, झाकण परत बसवलं. सरांनी चावी फिरवली आणि गाडी चालू झाली, धक्क्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी सरांनी विज्ञानाच्या तासाला मला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, "काल काय झालं ते वर्गाला समजावून सांग." ठिणगीसाठी लागणारी वीज ओलीतून भलतीकडे पळते, प्लगपर्यंत पोचतच नाही, मग धक्का मारून काय उपयोग, असं मी कसंबसं सांगितलं. माझं आयुष्यातलं पहिलं भाषण ते. आजचं दुसरं म्हणा.

मला ते येत होतं त्यात माझी हुशारी काही नव्हती. पिरंगुटचा घाट उतरून पौडकडे येताना डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड होतं, तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. 'फियाट रिपेरिंगची सर्व कामे केली जातील' अशी पाटी होती. ते माझ्या वडिलांचं, आप्पांचं गॅरेज.

आप्पा सोळाव्या वर्षी मुंबईला गेले. गावाकडची माणसं तेव्हा गिरणीत नाहीतर गोदीत लागायची. आप्पांना परळला टॅक्सी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात काम मिळालं. आधी चहा आणायचा, मग पाने पुसायचे, मग हळूहळू गाडीखाली शिरायचं. तिथे ते फियाट शिकले, कारण मुंबईची टॅक्सी म्हणजेच फियाट होती.

या गाडीचं मूळही आपल्याच मातीतलं आहे. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद, आपल्याच जिल्ह्यातलं इंदापूरकडचं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, ज्यांनी बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदण्याची कंत्राटं घेतली, जहाजं आणि विमानं या देशात व्हावीत म्हणून कारखाने काढले, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० इथे तयार होऊ लागली. तिचं नाक पुढे आलेलं होतं, म्हणून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं. नंतर १९६४ पासून आपण ओळखतो ती चौकोनी चेहऱ्याची, मागे छोटे पंख असलेली गाडी आली. १९७४ पासून तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. नाव राणीचं होतं, पण पद्मिनी म्हणताना मी गॅरेजात कुणालाच ऐकलं नाही. शेवटपर्यंत ती फियाटच राहिली.

इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. लांबीला चार मीटरच्या आत, वजनाला टनाच्या आत. पुढे एकच सलग सीट, त्यामुळे पुढेच तिघं बसायचे आणि मधल्याचे गुडघे आखडलेले. खिडकीला ती त्रिकोणी काच. ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर. एसी कशाला हवा होता!

आप्पा १९८४ साली मुंबई सोडून गावी आले आणि शेड टाकलं. शाळा सुटली की मी तिथे. माझं काम बॅटरी धरायचं. बॅटरी धरणाऱ्याला वाटतं आपण काही करत नाही, पण मेकॅनिक जे बघतो तेच आपण बघत असतो. शिवाय माझी बोटं बारीक होती. इंजिनाच्या सांदीत स्क्रू पडला की आप्पा म्हणायचे, "बाय, तुझा हात घाल." पॉइंटचा गॅप लावताना फिलर गेजची पातळ पट्टी किती अडकली पाहिजे, ते मला हाताला कळायचं. इंजिनातून कटकट आवाज आला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून कुठल्या टॅपेटचा आवाज आहे, ते आप्पा डोळे मिटून सांगायचे.

त्यांचा एक नियम होता. गाडी चालू होत नसेल तर, "आधी बघ ठिणगी येतीय का. मग बघ पेट्रोल येतंय का. दोन्ही असंल तर टायमिंग. चौथं काही नसतं." आणि दुसरा, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशानं झाली ते कळणार न्हाई." आज चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आहे. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच दोन नियम सांगते. ते कुठून आले हे त्यांना माहीत नाही.

फियाटची एक खोड होती, त्या काळच्या बऱ्याच गाड्यांची होती. एप्रिल-मेमध्ये ताम्हिणीचा चढ चढताना ती तापायची, पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी चढावरच बंद पडायची. आप्पांचा उपाय ठरलेला होता. फडकं ओलं करायचं, पेट्रोल पंपावर गुंडाळायचं आणि एक विडी संपेपर्यंत वाट बघायची. विडी मात्र गाडीपासून लांब जाऊन. लग्नाचं वऱ्हाड असलं की नवरदेवही उतरून दगडावर बसायचा. कुणी चिडत नसे. गाडी बंद पडणं आणि ती चालू करता येणं, या दोन्ही गोष्टी लोकांनी धरूनच ठेवलेल्या होत्या.

आता थोडं उलट बाजूचंही बोलते, नाहीतर सर मला खाली बसवतील. ती गाडी फार थोर होती असं मी म्हणणार नाही. लोक ती घ्यायचे कारण पर्याय नव्हता. फियाट किंवा अँबॅसिडर, आणि त्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. थांबणारं गिऱ्हाईक असलं की कारखान्याला गाडी सुधारायची घाई नसते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि लोकांना कळलं की गाडी सकाळी पहिल्या चावीला चालू होऊ शकते. त्यानंतर फियाट टिकली ती मुख्यतः टॅक्सीवर. डिझेलचं इंजिन आलं, खाली गिअर असलेलं मॉडेल आलं, पण २००० च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं.

आणि आमच्या गॅरेजातलं काम कमी होत गेलं.

मी २००१ मध्ये इंजिनिअर झाले. नोकरी लागली ती गाड्यांच्या संगणकाचं सॉफ्टवेअर लिहिण्याची. आपल्याच तालुक्यात, हिंजवडीला. नव्या गाडीत कार्बोरेटर नसतो. किती हवा आत आली, इंजिन किती तापलं, धुरात किती ऑक्सिजन उरला, हे सेन्सर मोजतात, आणि किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. काही बिघडलं तर तो संगणक एक कोड साठवून ठेवतो आणि समोर पिवळा दिवा लावतो. तो कोड कधी साठवायचा, दिवा कधी लावायचा, हे लिहिणं माझं काम. आजही तेच करते.

पहिला पगार झाला तेव्हा मी आप्पांना हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. म्हटलं, "आप्पा, आता मेकॅनिकला शोधावं लागणार नाही. गाडीच सांगेल काय बिघडलंय." आप्पा भाकरी खात होते. म्हणाले, "आणि मग मेकॅनिकनं काय करायचं?"

मी हसले. मला वाटलं, गंमत करतायत.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने एका रविवारी मी गॅरेजात बसले होते. एक नवी गाडी आली, पुण्याची माणसं होती, मुळशीला फिरायला निघालेली. पिवळा दिवा लागला होता आणि गाडी ओढत नव्हती. आप्पांनी बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली. त्यांनी हात पुसले, कान लावला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि बॉनेट हळूच लावून टाकलं. म्हणाले, "साहेब, हिला पुण्याला न्या. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." गाडीचे मालक म्हणाले, "काका, काही तरी बघा ना." आप्पा नुसती मान हलवत राहिले.

त्या आधी मी आप्पांना 'होणार नाही' म्हणताना कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या गाडीत होतं तसलंच सॉफ्टवेअर मी रोज लिहीत होते. माझ्या बॅगेत लॅपटॉप होता, पण त्याचाही उपयोग नव्हता. ती गाडी उघडायला लागणारी केबल आणि परवानगी रस्त्यावरच्या गॅरेजाला मिळतच नसे. मी काही बोलले नाही. आप्पांनीही तो विषय घरी काढला नाही. पुढे २००८ मध्ये त्यांनी शेड भाड्याने दिलं. आता तिथे फरशीचं दुकान आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात टीव्हीवर बातमी आली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवलेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहणार नव्हती. नव्वदच्या दशकात साठ हजारांच्या घरात काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या त्या शहरात. लोक फोटो काढत होते, एक तरी गाडी संग्रहालयात जपा अशी मागणी होत होती. मी आप्पांकडे बघत होते. वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

आप्पा म्हणाले, "गेली ते बरंच झालं. धूर फार सोडायची." जरा वेळाने म्हणाले, "पण तवा पोरगं सहा महिने गाडीखाली झोपलं की त्याला गाडी कळायची. आता कुठल्या गाडीखाली झोपवायचं?"

बावीस वर्षांपूर्वी भाकरी खाताना विचारलेला प्रश्नच तो. या वेळी मला हसू आलं नाही.

आपल्या वर्गातला एकजण नववीनंतर शाळा सोडून आप्पांच्या हाताखाली आला होता. तो आज इथे बसला आहे, मागच्या रांगेत, आणि नाव घेऊ नको म्हणून त्याने मला दम दिला आहे. आता पिरंगुटला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या गाड्या त्याच्याकडे येतात. त्याने कर्ज काढून स्कॅनर घेतला, पण कोड आला की तो इंग्रजी वाक्याकडे बघत बसायचा. त्या बातमीनंतर मी त्याला फोन केला. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी मी त्याच्या गॅरेजात जाते. मी कोडचा अर्थ सांगते, तो वायर शोधतो, आणि आप्पा खुर्ची टाकून बसतात. दोन महिन्यांपूर्वी एका गाडीत स्कॅनर सांगत होता की सेन्सर खराब आहे. सेन्सर बदलला, तरी तोच कोड. आप्पा म्हणाले, "हवा चोरतीय कुठंतरी. आवाज ऐक की." रबराच्या नळीला चीर होती. स्कॅनर खोटं बोलला नव्हता, त्याला तेवढंच दिसत होतं. ते कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही तेवढंच दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे उदाहरण देऊन भांडले, की दिव्यामागच्या सूचनेत नळी तपासा हेही यायला हवं. निम्मं मान्य झालं. निम्म्यासाठी अजून भांडते आहे.

आता मी मूळ मुद्द्यावर येते. माझी दहा मिनिटं केव्हाच संपली आहेत हे मला दिसतंय.

सरांनी त्यांची फियाट शाळेला द्यायचं ठरवलं आहे. पंधरा वर्षं ती त्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. आपल्या समितीने त्यासाठी वर्गणीही काढली आहे. ठरलंय असं की गाडीला नवा रंग द्यायचा, चिंचेखाली सिमेंटचा ओटा बांधायचा, त्यावर गाडी ठेवायची, भोवती रेलिंग आणि संगमरवरी पाटी. कल्पना प्रेमाची आहे. मीही वर्गणी दिली आहे.

पण माझी हात जोडून विनंती आहे, रेलिंग नको. ओट्यावर चढवलेल्या गाडीजवळ पोरं फोटो काढतील आणि दोन पावसाळ्यांत ती गंजेल. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याचं शेड टाकू. त्यात गाडी ठेवू. आठवी-नववीच्या मुलांना, आणि मुलींना, ती उघडू द्या. झाकण काढू द्या, प्लग काढू द्या, चुकीचा बसवू द्या. ती गाडी अशी आहे की उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं. पेट्रोल कुठून आलं, ठिणगी कुठून आली, चाक कशाने फिरलं. आजच्या गाडीत हे दिसत नाही, हा काही आजच्या गाडीचा दोष नाही. ती कमी धूर सोडते, अपघातात माणूस वाचवते. पण झाकणाखाली काय चालतं ते एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुढे कुठल्याही झाकणाला घाबरत नाही. मी घाबरले नाही, कारण तुम्ही, सर, माझ्यासाठी बॉनेट उघडून दिलंत आणि हसला नाहीत.

गॅरेजवाल्या आपल्या मित्राने महिन्यातला एक शनिवार द्यायचं कबूल केलं आहे. तो भंगारातून एक नवं इंजिनही आणणार आहे, संगणकासकट, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतील. ते मी शिकवीन. आणि आप्पांनी त्यांची पान्यांची पेटी शाळेला द्यायची म्हणून काल रात्री तेल लावून ठेवली आहे. गॅरेज बंद झाल्यापासून त्या पेटीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. निरोप दिलाय, "रंगाची घाई करू नका. आधी हेड खोला, आत काय हाय ते पोरांना बघू द्या."

गाडी सरांची आहे. तेव्हा शेवटचा शब्द सरांचा.

सर, बॉनेट उघडू का?